जुना कीबोर्ड घेण्यापूर्वीं

एका खेड्यांतील उपदेशक बंधूंचें पत्र आम्हांकडे आलें आहे. सुगीच्या सणाला मंडळीनें आणलेल्या धान्याचा, भोपळ्यांचा व कोंबड्यांचा लिलाव होऊन जी रक्कम जमली, ती व मागील दोन वर्षांची शिल्लक मिळून एक जुना कीबोर्ड घ्यावा असें मंडळीनें ठरविलें आहे. तालुक्याच्या गांवीं दोन वाद्यें विकाऊ आहेत : एक यामाहा कंपनीचें पी-४५, व दुसरें रोलंड कंपनीचें एक्सपीएस-१०. दोहोंची किंमत जवळ जवळ सारखीच सांगितली आहे. सभेंत व मंडपांत साथ करावयाची, आणि तरुणांनीं रचलेलीं गीतें मुद्रित करून दूरच्या नातलगांना पाठवावयाचीं, अशीं दोन कामें ह्या एकाच वाद्याकडून करून घ्यावयाचीं आहेत. "ह्यांपैकीं कोणतें घ्यावें तें एका ओळींत कळवावें," असें ते लिहितात. एका ओळींत उत्तर देणें अवघड नाहीं. परंतु ती ओळ चुकली तर मंडळीचे भोपळे व कोंबड्या पाण्यांत गेल्या असें होईल. शिवाय असेच प्रश्न दुसऱ्याही गांवांतून येत असतात. म्हणून तें उत्तर आम्ही शेवटीं देऊं; तोंपर्यंत वाचकांनीं थोडा धीर धरावा.

प्रथम नांवाविषयीं. वनस्पति तुपाला जसें आपण सरसकट "डालडा" म्हणतों, तसें आपल्या गांवांत पट्ट्यांच्या प्रत्येक विजेच्या वाद्याला "कॅसिओ" म्हणतात. कॅसिओ हें एका जपानी कंपनीचें नांव आहे. ह्या वाद्यांच्या जाती मात्र निरनिराळ्या असून त्यांचीं कामेंही निरनिराळीं आहेत. पहिली जात घरगुती कीबोर्डाची. त्यांत भोंगे आंतच असतात, ताल आपोआप वाजतात, आणि पुष्कळदां तो सेलांवरही चालतो. दुसरी जात स्टेजवर वाजविणाऱ्यांच्या सिंथेसायझरची; त्याला बहुधा स्वतःचा भोंगा नसतो, परंतु बाहेर आवाज नेण्यासाठीं नीट जागा केलेल्या असतात. तिसरी जात विजेच्या पियानोची. त्याच्या ८८ पट्ट्या खऱ्या पियानोप्रमाणें जड असतात. पत्रांतील पी-४५ हें तिसऱ्या जातीचें आहे, व एक्सपीएस-१० हें दुसऱ्या. पत्रलेखक बंधूंना दोन्ही सारखीं वाटलीं, ह्याचें कारण किंमत सारखी आहे एवढेंच.

आपली पेटीसुद्धां एके काळीं परकीच होती. १८४० च्या सुमारास पॅरिस येथें अलेक्झांद्र देबें ह्यानें हार्मोनियमला रूप दिलें, तेव्हां त्याचा भाता पायानें चालवीत असत. आपल्या देशांत तिला हाताचा भाता लागला, ती जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या मांडीशीं आली, आणि कीर्तनांत व नाटकांत घरच्यासारखी वावरूं लागली. रेडिओवर मात्र १९४० पासून १९७१ पर्यंत तिला मज्जाव होता. तिचे बांधलेले सूर आपल्या गाण्यांतील मींड व श्रुति दाखवूं शकत नाहींत असा तिच्यावर आक्षेप होता. इतकी टीका सोसूनही ती टिकली, ह्याचें एक साधें कारण असें कीं ती गांवांतच दुरुस्त होते. सूर अडकला तर पेटीमास्तर झांकण उघडतात, धूळ फुंकतात, आणि गाणें पुन्हां सुरू होतें. कीबोर्डाचें तसें नाहीं. त्याचा दोष बाहेरून दिसत नाहीं. तो पट्टीवर बोट पडल्यावरच कळतो, आणि जुनें वाद्य घेणारे बहुतेक लोक दुकानांत पट्टीवर बोट ठेवीतच नाहींत.

हें आम्ही स्वानुभवानें लिहीत आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळीनें असाच एक जुना कीबोर्ड घेतला. विकणाऱ्यानें एक बटण दाबलें, आणि वाद्यांत आधींच भरून ठेवलेलें गाणें सुरू झालें. बासरी काय, तबला काय, सारंगी काय, आम्ही चौघे पंच तोंडांत बोट घालून उभे राहिलों व पैसे मोजून बाहेर आलों. तें गाणें पट्ट्यांना स्पर्शही न करतां वाजतें, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. नाताळच्या रात्रीं पंधरा वर्षांचा मुलगा वाजवावयास बसला, तों मधल्या सप्तकांतील एक पट्टी मुकी, आणि तिच्या शेजारच्या दोन अशा कीं हलकेंच दाबल्या तरी किंचाळत. लोकांना वाटलें, पोराचा हातच आडदांड आहे. दुसऱ्या कडव्याला वृद्ध पेटीमास्तरांनीं कांहीं न बोलतां पेटी पुढें ओढली व गीत पुरें केलें. त्या मुलानें पुढें वर्षभर कशालाही हात लावला नाहीं. विकणाऱ्याकडे गेलों तेव्हां "विकलेला माल परत घेत नाहीं" हें उत्तर मिळालें.

दोष मुलाच्या हाताचा नव्हता, रबराचा होता. कीबोर्डाच्या प्रत्येक पट्टीखालीं रबराची एक लहानशी टोपी असते, व तींत काजळीसारख्या काळ्या कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी दाबली म्हणजे आधीं एक ठिपका खालच्या पाटीला टेकतो, मग दुसरा. ह्या दोहोंमध्यें किती वेळ गेला तें यंत्र मोजतें. वेळ थोडा गेला तर पट्टी जोरानें दाबली असें तें समजतें व मोठा आवाज काढतें. वेळ अधिक गेला तर हलका. आतां आपल्याकडील धूळ व पावसाळ्यांतील दमट हवा आंत शिरली, किंवा कार्बन झिजला, म्हणजे पहिला ठिपका उशिरां टेकतो. मग दोहोंतील वेळ थोडा झाल्यासारखा दिसून हलका हातही मोठ्यानें ओरडतो. आणि दोहोंपैकीं एक टेकलाच नाहीं तर पट्टी मुकी राहते. पुष्कळदां तो रबर काढून पुसला कीं वाद्य सुधारतें. आमचेंही पुण्यास तसेंच सुधारलें. पण तें वाद्य तेथवर नेणें, कारागीर शोधणें, आणि मधल्या काळांत मुलाचें मन मोडणें, ह्याचा हिशोब किंमतींत धरलेला नव्हता.

म्हणून पहिली परीक्षा पट्ट्यांची. कानाला लावावयाचे हेडफोन स्वतःचे न्यावेत, म्हणजे दुकानाच्या गोंगाटांतही बारीक दोष ऐकूं येतील. सर्वांत खालच्या पट्टीपासून आरंभ करून पांढरी, काळी, पांढरी अशी एकही न वगळतां वरपर्यंत जावें. आधीं अगदीं हलक्या बोटानें, मग मध्यम, मग जोरानें. ६१ पट्ट्या तीनदां म्हणजे १८३ वेळां बोट पडेल. त्याला पंधरा मिनिटें लागतात, आणि तेवढा वेळ देण्यास जो विक्रेता नाखूष असेल त्याच्याकडे अधिक थांबूं नये. मग वाद्याच्या टोंकाशीं डोळा लावून पट्ट्यांची रांग पाहावी. एखादी खालीं बसलेली किंवा वांकडी असेल ती तत्काळ दिसते. कांहीं फार स्वस्त कीबोर्डांत हलका व जोराचा हात असा भेदच नसतो, कसेंही दाबा, आवाज तेवढाच. असा कीबोर्ड मुलांच्या करमणुकीला ठीक. साथीलाही नको, ध्वनिमुद्रणालाही नको.

१९९० च्या सुमाराचीं रोलंडचीं कांहीं वाद्यें, जशीं डी-७० व जेडी-८००, पाहावयास मिळालीं तर पट्ट्यांच्या फटींतून बॅटरीचा उजेड पाडून पाहावें. त्यांच्या पट्ट्यांखालीं वजनाचे तुकडे तांबड्या गोंदानें चिकटविलेले असत, व तो गोंद वर्षांनुवर्षांनीं पाघळून आंत ठिबकतो. तांबडा चिकटा दिसला तर तें वाद्य तेथेंच ठेवावें. सेलांवर चालणाऱ्या वाद्याची सेलांची खोबण उघडून पाहण्यास तर कांहींच लागत नाहीं. तींत पांढरी किंवा हिरवट बुरशी असेल तर सेल फुटून रस आंत गेला आहे. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर अधिक विचारपूस नको.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. ध्वनिमुद्रणाला जें लागतें तें साथीला लागतेंच असें नाहीं, व साथीला जें लागतें त्यावांचून ध्वनिमुद्रण अडत नाहीं. हें एकदां समजलें म्हणजे जाहिरातींतील अर्धा गोंधळ दूर होतो. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांनीं मिळून एक समायिक भाषा चालू केली, तिला मिडी म्हणतात. मिडीच्या तारेंतून आवाज जात नाहीं. कोणती पट्टी, किती जोरानें, केव्हां दाबली व केव्हां सोडली, एवढा निरोप जातो. पोस्टमननें चिठ्ठी आणावी, पण बोलणें ज्याचें त्यानें करावें, तसें हें आहे. तो निरोप संगणकाला मिळाला म्हणजे संगणक आपल्या पोतडींतील पियानो, सतार किंवा बासरी वाजवितो. तेव्हां गीत मुद्रित करतांना कीबोर्डांतील आवाज जुने असले तरी फारसें बिघडत नाहीं. पट्ट्या निर्दोष, हाताचा जोर ओळखणाऱ्या, आणि निरोप बाहेर जाण्याची वाट चालू, इतकें असलें म्हणजे पुरे. उलट मंडपांत संगणक नसतो. तेथें वाद्याच्या पोटांत जें असेल तेंच ऐकूं येणार. तेथें आंतले आवाज चांगले हवेत, एकावरून दुसऱ्यावर क्षणांत जातां आलें पाहिजे, आणि आवाज बाहेर काढण्याची जागा पक्की हवी. दुकानदार सहाशें आवाज, आठशें आवाज असें सांगतो तेव्हां त्याला विचारावें कीं ह्यांतील सभेच्या उपयोगाचे किती? आमच्या अनुभवाप्रमाणें पियानो, ऑर्गन, तंतुवाद्यांचा समूह, बासरी व एखादी सतार किंवा संतूर, इतक्यांपलीकडे बोट जात नाहीं.

मिडीची वाट दोन प्रकारची असते. जुन्या वाद्यांना पांच टोंचांचें गोल भोंक असतें. नव्यांना यूएसबीचें चौकोनी. गोल भोंकाचें वाद्य त्याज्य नाहीं. तें संगणकाला जोडण्याची तार वेगळी मिळते. परंतु जो संगणक किंवा मोबाईल पुढें वापरावयाचा, तोच बरोबर नेऊन दुकानांत जोडून पाहावा. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरां येतो कीं काय हेंही तेथेंच कळतें. सेकंदाच्या शंभराव्या भागाहून फार अधिक उशीर झाला तर वाजविणाऱ्याची लय डळमळते. हा दोष बहुधा कीबोर्डाचा नसून संगणकाचा असतो, म्हणून त्यासाठीं विक्रेत्याशीं भांडूं नये.

साथीच्या बाजूला आमच्या मंडळ्यांची एक चूक आम्ही वारंवार पाहतों. उपदेशासाठीं घेतलेला आहुजाचा अँप्लिफायर व कर्णा असतोच. कीबोर्डाची तार सरळ माईकच्या भोंकांत घालतात, मग आवाज फाटतो, आणि सर्वजण कीबोर्डाला नांवें ठेवतात. माईकचा प्रवाह अगदीं क्षीण असतो, म्हणून तें भोंक आवाज पुष्कळ पटींनीं वाढवितें. कीबोर्डाचा प्रवाह आधींच बळकट असतो. त्याची तार "ऑक्स" किंवा "लाईन" असें लिहिलेल्या भोंकांत घालावी. कर्ण्यांतून खर्जाचे सूर नीट निघत नाहींत, तेथें डाव्या हाताचें काम कमी ठेवावें. कीबोर्डाच्या मागें दोन भोंकें असतील व तार एकच असेल, तर ज्यावर "एल" व "मोनो" लिहिलें असेल तें घ्यावें, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र मिळतो. ज्या वाद्याला फक्त हेडफोनचेंच भोंक आहे, त्यांतूनही आवाज बाहेर काढतां येतो. पण तार नीट जुळविली नाहीं तर एक बाजू हरवते, आणि पुष्कळ वाद्यांचे आंतले भोंगे तार घालतांच बंद होतात.

अडॅप्टर मूळचाच आहे कीं नाहीं तें पाहावें. यामाहाच्या पुष्कळ कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात व पिनेच्या मध्यभागीं धन असतें; रोलंडच्या पुष्कळांना व कॅसिओच्या जुन्या वाद्यांना ९ व्होल्ट, आणि मध्यभागीं ऋण. पीन सारखी दिसते म्हणून एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावल्यास वाद्य जळूं शकतें. पाठीवर छापलेली आकृति वाचून मगच वीज लावावी. पायानें दाबावयाच्या पेडलाचेंही असेंच कंपनीकंपनीप्रमाणें उलट-सुलट असतें. चुकीचें लावलें तर पाय उचलल्यावर सूर लांबतो व दाबल्यावर तुटतो. ह्यानें नुकसान होत नाहीं, पण नवशिका घाबरतो. आणि "ट्रान्सपोज" नांवाच्या बटणाकडे लक्ष असूं द्यावें. पांढरी एकच्या पट्ट्या दाबून काळी दोनचा स्वर काढण्याची ही युक्ति सोयीची खरी. परंतु मागच्या माणसानें तें तसेंच ठेवलें असलें तर चांगलें वाद्य बेसूर आहे असा समज होतो. दुकानांत पेटीच्या स्वराशीं ताडून पाहण्यापूर्वीं तें शून्यावर आणावें.

कांहीं तरुण आम्हांला यामाहाच्या डीएक्स-७ विषयीं किंवा कोर्गच्या एम-१ विषयीं विचारतात, कारण सिनेमाच्या जुन्या संगीताच्या गप्पांत हीं नांवें त्यांच्या कानांवर येतात. पहिलें १९८३ चें, दुसरें १९८८ चें, दोन्ही कीर्तिमान. परंतु दोहोंतही एका वेळीं १६ च सूर टिकतात, भोंगा नाहीं, आणि केलेल्या आवाजांची स्मृति आंतल्या एका लहान सेलावर अवलंबून असते. तो सेल संपला कीं जतन केलेले आवाज नाहींसे होतात. डीएक्स-७ मध्यें तो सेल डाख देऊन बसविलेला असल्यामुळें बदलावयास कारागीरच लागतो. त्यानंतरच्या पुष्कळ वाद्यांना फ्लॉपीची खोबण असते, व फ्लॉपी आतां शोधावीच लागते. शहरांत ज्याला नाद आहे त्यानें हीं घ्यावींत. मुंबईस लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्यास बुधवार पेठ जवळ असली म्हणजे सुटे भाग तरी सांपडतात. खेड्यांतील मंडळीनें त्या वाटेस जाऊं नये.

देशी तबला, ढोलक व तानपुरा भरलेले कीबोर्डही आतां पुष्कळ मिळतात. त्याविषयीं आमचें मत असें कीं तानपुऱ्याचा उपयोग जरूर करावा, तबल्याचा जपून. यंत्राचा ताल गाणाऱ्यासाठीं थांबत नाहीं. म्हातारी माणसें कडव्याच्या शेवटीं श्वास घेतात तेव्हां तबलजी त्यांच्यासाठीं अर्धी मात्रा रेंगाळतो, यंत्र पुढें निघून जातें. ज्या मंडळींत तबला वाजविणारा माणूस आहे तेथें तें बटण दाबूंच नये. तो माणूस एकदां उठून गेला म्हणजे पुन्हां बसत नाहीं.

किंमत ठरवितांना वाद्याच्या बरोबर काय मिळतें तें लिहून घ्यावें. अडॅप्टर, पेडल, स्टँड, पिशवी, तार, ह्यांपैकीं जें नसेल तें नवें घ्यावें लागेल, व तें धरून बेरीज करावी. पुष्कळदां स्वस्त वाद्य असेंच महाग होतें. पावतीवर वाद्याचा अनुक्रमांक घालून घ्यावा, म्हणजे माल चोरीचा असल्यास आपण उघडे पडणार नाहीं. आठ दिवसांत दोष निघाल्यास परत घेण्याची बोली पैसे देण्यापूर्वीं करावी, आणि तीही कागदावर.

आतां पत्राचें उत्तर. पी-४५ च्या पट्ट्या फार चांगल्या आहेत, एका वेळीं ६४ सूर टिकतात, आणि यूएसबीनें मिडी जाते. केवळ ध्वनिमुद्रण करावयाचें असतें तर आम्हीं तेंच सांगितलें असतें. पण त्यांत आवाज दहाच आहेत, सूर वांकविण्याची सोय नाहीं, बाहेर आवाज नेण्यास हेडफोनचेंच भोंक आहे, आणि वजन साडेअकरा किलो. वस्तीवरच्या सभेला तें मोटारसायकलवर कसें न्यावें? एक्सपीएस-१० च्या पट्ट्या ६१ आहेत व हलक्या आहेत, पियानो शिकणाऱ्याला त्या अपुऱ्या वाटतील. परंतु त्या हाताचा जोर ओळखतात, वजन सुमारें चार किलो आहे, मींडीसाठीं सूर वांकविण्याचा दांडा आहे, मागें आवाजाचीं दोन नीट भोंकें आहेत, व यूएसबीनें संगणकालाही जोडतां येतो. भोंगा नाहीं, परंतु आपल्याकडे अँप्लिफायर आहे. साथ आठवड्यास दोनदां होते, ध्वनिमुद्रण वर्षांतून दोनदां. तेव्हां सर्व पट्ट्या परीक्षेंत उतरल्या तर एक्सपीएस-१० घ्यावा. न उतरल्या तर त्याच दिवशीं दुसरें घेण्याची घाई न करतां रिकाम्या हातीं परत यावें.

दोन्ही वाद्यांना अडॅप्टर लागतो, म्हणून वीज जाईल त्या रात्रीसाठीं पेटी भिंतीशीं तयार असूं द्यावी. दुकानीं जातांना पंचांपैकीं एकानेंच जावें. बाकीच्यांच्या जागीं ज्या मुलाला तें वाजवावयाचें आहे त्याला, आणि पेटीमास्तरांना न्यावें. सकाळच्या एसटीनें निघावें, म्हणजे परतीच्या गाडीची घाई न होतां १८३ वेळां बोट ठेवण्यास वेळ मिळेल.